वाचकांचे प्रश्न : खोदण्यापूर्वी जमिनीखालच्या वाहिन्या शोधताना

प्रश्न : पायासाठी चर खणायचा आहे. मिळालेल्या नकाशात त्या पट्ट्यात एकही वाहिनी नाही आणि केबल शोधण्याचे यंत्र फिरवले तेव्हा ते वाजले नाही. एवढ्यावर जेसीबी लावायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. नकाशा कोरा आहे आणि यंत्र गप्प राहिले, यावरून तेथे काही आढळले नाही एवढेच कळते. तेथे काही नाही, हे त्यावरून ठरत नाही. नकाशे पुष्कळदा मूळ आराखड्यावरूनच उतरवलेले असतात, आणि प्रत्यक्ष काम करताना खडक लागला म्हणून केबल दोन हात बाजूला घेतली गेली, तर ते कागदावर येतेच असे नाही. खोलीच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये, कारण नंतर वर भराव पडलेला किंवा माती काढून नेलेली असू शकते.

यंत्र कोणत्या पद्धतीवर ठेवले होते, हे आपण लिहिलेले नाही. ते 'पॉवर' पद्धतीवर असेल, तर केबलमधून वाहणाऱ्या प्रवाहाभोवतीचे 50 किंवा 60 हर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र तेवढे टिपते. त्यामुळे विद्युतदाब (व्होल्टेज) असूनही भार (वीजवापर) नसलेली केबल, म्हणजे स्पर्शाला जिवंतच असलेली केबल, त्याला दिसत नाही. तिन्ही फेजांवरचा भार समतोल असला, तरीही संकेत क्षीण होतो. म्हणून ट्रान्समीटर (संकेत सोडणारे उपकरण) वापरून वाहिनीवर आपला संकेत चढवावा आणि रिसीव्हरने (तो टिपणाऱ्या उपकरणाने) तिचा माग काढावा. जागा आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी पिंजून काढावी, कारण यंत्राच्या पात्याची दिशा चुकली की वाहिनी निसटते. प्लॅस्टिकच्या नळातून हा संकेत जातच नाही. नळासोबत शोधतार (माग काढता यावा म्हणून टाकलेली धातूची तार) असेल तरच उपयोग. ती नसेल तेथे भूवेधी रडार (जमिनीत लहरी सोडून खालच्या वस्तू टिपणारे यंत्र) कामी येते, मात्र ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी फार खोल पोहोचत नाहीत. चेंबरची झाकणे, व्हॉल्व्ह आणि रस्त्यावरची जुनी ठिगळे यांचे निरीक्षणही करावे. ते फुकटचे काम असूनही बहुतेक जण टाळतात.

एवढे झाल्यावर चाचणी खड्डे घ्यावेत. वाहिनीची खात्री ती डोळ्यांनी पाहिल्यावरच होते. खड्डा यंत्राने दाखवलेल्या जागेच्या बरोबर वर न घेता थोडा बाजूला घ्यावा आणि वाहिनीकडे आडवे सरकावे. हत्यार विद्युतरोधक दांड्याचे फावडे असावे. पहारीचे टोक केबलचे आवरण एका घावात भेदते. इशारा देणारी रंगीत पट्टी, विटांचा थर किंवा अचानक बदललेली बारीक वाळू दिसली, की वाहिनी जवळ आहे असे समजून हात आवरावा.

प्रश्न : खड्ड्यात जुनाट, गंजलेल्या आवरणाची केबल निघाली. ती बंदच असावी. कापून टाकावी का?

उत्तर : कापू नये. जुनाट दिसण्यावरून केबल बंद आहे असे ठरत नाही. जिची ती आहे त्या यंत्रणेने तपासून लेखी कळवेपर्यंत ती जिवंतच मानावी, तिला आधार देऊन ठेवावे आणि तिच्या जवळचे यंत्रकाम थांबवावे. गॅसवाहिनीला धक्का लागला असेल, तर इंजिन बंद करून माणसांना वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर न्यावे आणि गळती स्वतः बुजवण्याच्या फंदात न पडता संबंधित यंत्रणेला लगेच कळवावे.