सासूबाईंना घेऊन शीहूच्या काठी

प्रश्न : ताई, नमस्कार. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही सहा महिन्यांपूर्वी चीनमध्ये हांगचौला आलो. एप्रिलच्या सुरुवातीला सासू-सासरे तीन आठवड्यांसाठी येतायत. दोघंही शाकाहारी, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलगी सहा वर्षांची आहे. वसंतात इथलं काय दाखवू? आणि आम्ही कामावर गेल्यावर त्यांना घर खायला उठेल, त्याचं काय करू?
– एक वाचक, मूळ सातारा

उत्तर : आधी तारखेचं बोलू. ४-५ एप्रिलला छिंगमिंग असतो. पितरांच्या कबरींची झाडलोट करायचा हा सण, त्याची सुट्टी असते आणि शांघायहून तासाभरात रेल्वे भरभरून माणसं इथे उतरतात. त्या दिवसांत इथल्या शीहू तळ्याकडे फिरकूसुद्धा नका. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला नेमकी त्याच सुट्टीत त्वान छियावला, म्हणजे ‘तुटक्या पुला’वर नेलं. गर्दीच्या रेट्यात तिच्या हातातून माझ्या लेकीचा हात सुटला. पोर पाच मिनिटांत सापडली, पण आईने त्या पाच मिनिटांची धास्ती घेतली. आठवडाभर ती जिना उतरेना. तिची काहीच चूक नव्हती, चूक माझी होती.

मग एका मंगळवारी पहाटे साडेसहाला तिला सू-तीवर नेलं. शीहू तळ्यातून जाणारा हा बांध पावणेतीन किलोमीटरचा. अकराव्या शतकात कवी सू शी इथला अधिकारी असताना त्याने तळ्यातला गाळ उपसून तो घातला. दुतर्फा एक पीच, एक विलो अशी झाडं लावलेली आहेत. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या नात्यातलं झाड. पीच फुललेला आणि विलोची पालवी पोपटी, हे दोन्ही एका वेळी बघायला मिळतं ते याच दिवसांत. सबंध बांध चालायचा हट्ट धरू नका. दोन पूल ओलांडा, बाकावर बसा, थर्मासमधला चहा प्या. तळ्याभोवती बॅटरीच्या गाड्याही फिरतात. एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते : इथली सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आणि स्वच्छ आहेत, पण बहुतेक उकिडवं बसायची. सासूबाईंसाठी अपंगांचा खण शोधा, तिथे कमोड असतो.

त्या सकाळी बांधाच्या टोकाशी एक आजोबा हातभर लांब कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत होते. पहिली ओळ वाळेपर्यंत चौथी लिहून व्हायची. आई पंधरा मिनिटं हलली नाही. आजोबांनी काही न बोलता कुंचला तिच्या पुढे धरला. तिने ‘श्री’ लिहिलं. त्यांनी ते तसंच्या तसं शेजारी काढून पाहिलं, वेलांटी चुकली, तिने पुन्हा काढून दाखवली. घर खायला उठेल म्हणता ना? दुसऱ्या दिवसापासून आई सोसायटीजवळच्या बागेत एकटी जायला लागली. सासू-सासऱ्यांना बागेची वाट पहिल्या दोन दिवसांतच पायाखालची करून द्या. तुमचा पत्ता चिनीत लिहिलेला कागद दोघांच्याही खिशात असू द्या.

लिंगयिन या बौद्ध मंदिराला मात्र जरूर न्या. समोरच्या टेकडीचं नाव फेइलाय फंग, ‘उडून आलेलं शिखर’. चौथ्या शतकात भारतातून आलेल्या एका भिक्षूने, हा तर आपला राजगीरचा गृध्रकूट डोंगर, इथे कधी उडून आला, असं म्हटल्याची कथा आहे. सासऱ्यांना ती तिथेच उभं राहून सांगा. पुष्कळ कोरीव मूर्ती ओढ्याकाठच्या सपाट वाटेवर आहेत. मंदिराच्या पायऱ्या सासूबाईंनी नाही चढल्या तरी चालेल. मंदिराकडचं जेवण कांदा-लसणाशिवायचं असतं.

बाहेर जेवताना ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, एवढं दोघांना पाठ करायला लावा. तरी चरबीचं, ‘चू यौ’चं, वेगळं विचारा. या दिवसांत दुकानोदुकानी हिरवे छिंगथुआन मिळतात, चिकट तांदळाच्या उकडीचे, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. दिसायला मोदकाचे भाऊ, पण पुरणात डुकराची चरबी असू शकते. आम्ही ते घरीच करतो.

आणि धांदलीत राहून जातं ते एक : पाहुणे घरी उतरले की २४ तासांच्या आत पासपोर्ट घेऊन पोलीस चौकीत त्यांची नोंद करायची. 

छिंगथुआनला हिरवा रंग येतो तो आय नावाच्या पाल्याचा. ही वनस्पती दवण्याच्या कुळातली. मंडईत तिची ओली जुडी आईने चुरगाळून नाकाशी धरली आणि मला हाक मारली, “अगं, दवण्याची बहीण आहे ही.” आम्ही जोतिबाचे. त्या वर्षी चैत्री पौर्णिमेला देवापुढे तीच जुडी होती.