आई, तुला काय कमी आहे?

नवरा जाऊन काही वर्षं झाली, मुलं लांब आहेत, आता एखाद्या माणसाची सोबत हवीशी वाटते. या वयात हे शोभतं का? हा प्रश्न बायका बहुतेक वेळा थेट विचारत नाहीत. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, अशी सुरुवात होते. मुलुंडच्या एक काकूही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) झोपेचीच तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. वय 67.

दिवस कसा जातो, विचारलं. सकाळ बरी जाते. कामाला बाई येते, भाजी आणायची असते. संध्याकाळी सातनंतर घर खायला उठतं. अर्धी वाटी तांदळासाठी कुकर कोण लावणार, म्हणून चहा-खारीवर भागवायचं. कुरिअरवाला आला तर पाणी विचारून त्याला घटकाभर थांबवायचं. मुलगा बेंगळुरूहून रोज फोन करतो. "औषधं घेतलीस ना? दार नीट लावलंस ना?" की झाला फोन. मुलगा गुणी आहे, पण ही झाली चौकशी. गप्पा मारायला त्यांना कुणी नव्हतं.

पुढच्या एका भेटीत खरं काय ते बाहेर आलं. ज्येष्ठ नागरिक संघातले एक विधुर गृहस्थ. दोघं कालिदासला नाटकाला गेले, ते सोसायटीत कळलं, तिथून मुलाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "आई, तुला काय कमी आहे?" त्यातच गृहस्थांनी लग्नाचं विचारलेलं.

काकूंना विचारून मी मुलाशी बोलले. त्याला घोर होता फ्लॅटचा, आणि ते बोलायची लाज वाटत होती. खरं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. वारशाने काकूंच्या मालकीचं झालेलं घर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे पूर्ण त्यांचं. पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही. मात्र मृत्युपत्र न करता त्या गेल्या, तर मुलाबरोबर नव्या नवऱ्यालाही वाटा मिळतो. त्यावर उपाय मृत्युपत्राचा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. काकूंचं नुकसान वेगळंच होतं: ईपीएस-95 ची (कर्मचारी पेन्शन योजनेची) विधवा पेन्शन पुनर्विवाह केला की थांबते. रक्कम किरकोळ, पण हक्काची.

हे सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "मला मुळात लग्नच नको. पुन्हा कुणाची पथ्यं सांभाळायची नाहीत. बोलायला माणूस हवंय."

मग हेच त्या गृहस्थांना स्पष्ट सांगा, म्हटलं. शिवाय उसनवारी नाही, बँकेच्या कागदांवर सह्या नाहीत. माणूस कितीही सज्जन असला तरी. गृहस्थ काही दिवस रुसले, मग वळणावर आले. आता दोघांची घरं वेगळी, संध्याकाळचा चहा एकत्र. काकूंनी मृत्युपत्र केलंय. मुलाने त्या गृहस्थांशी अजून बोलणं टाकलेलंच आहे; पण म्हणून काकूंनी नाटकाची तिकिटं काढायचं थांबवलेलं नाही.