हृदय बनवायला निघालेल्या पोरीला

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला पण इकडे गुहागरात पाऊस लागला की लाईट जाते आणि फोनवर एवढं टायपायचं म्हंजे माझी बोटं दुखतात, म्हणून आज पडवीत बसून सावकाश लिहितोय. बाबांचं इजेक्शन फ्रॅक्शन (म्हंजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) 25 वर आलंय आणि तुला टिश्यू इंजिनीअरिंग, म्हंजे पेशींपासून अवयव घडवायचं शास्त्र, शिकून त्यांच्यासाठी हृदय बनवायचंय. रागावू नको, पण ते बाबांच्या कामी येईल असं धरून या लायनीत येऊ नकोस.

बाबांसाठी आत्ता करण्यासारखं वेगळं आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज सकाळी वजन, सुके बांगडे नि पापड बंद (चिडतील, चिडू देत), आणि दोनतीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन. स्टेम सेलचं (ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) इंजेक्शन देतो म्हणून कुणी लाखभर मागितले तर दारातूनच परत पाठव, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या नियमांत हृदयासाठी असले उपचार विकायला परवानगीच नाहीये.

आता तुझं. लहानपणी विहिरीजवळच्या डोणीत पिंपळाचं पान टाकायचीस ना? हिरवं कुजून जातं, शिरांची जाळी तेवढी राहते. अमेरिकेत मिनेसोटाला डोरिस टेलर यांच्या टीमने उंदराच्या हृदयाचं तेच केलं, फक्त कुजवायच्या ऐवजी रक्तवाहिन्यांतून डिटर्जंट सोडलं, पेशी धुऊन गेल्या आणि पांढुरका सांगाडा उरला. त्यात नवजात उंदरांच्या पेशी भरल्या तर आठव्या दिवशी ते पंप करायला लागलं. पण किती, तर प्रौढ हृदयाच्या जेमतेम 2 टक्के. हे 2008 चं. हृदय बनलं एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, 2 टक्के कुणी वाचलंच नाही!

अडतं कुठे सांगू? पाण्यावर. आपल्या वाडीत पाट तुंबला की कडेच्या पोफळी कशा माना टाकतात, तसंच. रक्तवाहिनीपासून 100-200 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दशांश-पंचमांश) पलीकडे पेशीला ऑक्सिजन धड पोचत नाही आणि डाव्या कप्प्याची भिंत असते सुमारे 1 सेंटीमीटर जाड. म्हणून तर 2017 ला अमेरिकेतल्याच वूस्टरच्या लोकांनी पालकाचं पान धुऊन घेतलं, शिरा आयत्याच मिळतात ना, आणि त्यावर माणसाच्या हृदयपेशी धडधडल्या सुद्धा.

अख्खं हृदय सोडून लोक आता ठिगळावर आलेत. जपानात ओसाकाला 2020 मध्ये आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेल) केलेले हृदयपेशींचे पातळ थर पेशंटच्या हृदयावर लावले. जर्मनीत गॉटिंगेनला झिमरमान यांच्या टीमने आधी माकडांवर करून मग एका 46 वर्षांच्या बाईंच्या हृदयावर ठिगळ लावलं, तीन महिन्यांनी त्यांना दात्याचं हृदय मिळालं तेव्हा काढलेलं जुनं हृदय तपासलं, तर ठिगळातल्या पेशी जिवंत आणि त्यात रक्तवाहिन्या शिरलेल्या. 2025 च्या जानेवारीत आलेला तो पेपर मी दोनदा वाचला. तू ठोक्यांचं पण वाच, कारण नवीन पेशी कच्च्या असतात, आपल्याच तालात वाजतात आणि दुसऱ्या टीमांनी माकडांच्या हृदयात असल्या पेशी टोचल्या तेव्हा ठोके बिघडलेले दिसलेत.

आणि हो, भुलू नकोस. हृदयातच स्टेम सेल असतात आणि त्यांनी स्नायू परत उगवतो असं वर्षानुवर्षं छापून येत होतं, शेवटी 2018 ला हार्वर्डने त्यातल्या एका लॅबचे 31 पेपर मागे घ्या म्हणून सांगितलं.

हात मात्र आधी तयार कर. मी सहा आठवडे जपलेल्या पेशी एका जुलैत बुरशीने गेल्या, झाकण सैल राहिलेलं, चूक माझीच, आणि सरांना सांगायला दोन दिवस लावले ती त्याहून मोठी चूक. सेल कल्चर, म्हंजे लॅबमध्ये पेशी वाढवणं, शिक, मग रक्तवाहिन्यांचाच प्रश्न धर, तिथे माणसं लागणारेत.

गणपतीत येशील तेव्हा इंजेक्शनची बारीक सुई आण, शाई आहे माझ्याकडे. डोणीत चार पानं टाकून ठेवलीयत, देठातून शाई सोडून बघू कुठवर जाते.