बाळंतपण नेरुळला की मँचेस्टरला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विसावा आठवडा चालू आहे, नेरुळच्या डॉक्टरांकडे नाव घातलंय आणि नवऱ्याला मँचेस्टरची नोकरी मिळाली आहे. बरोबर जावं, की माहेरी बाळंत होऊन मग जावं? आणि तिकडे दोनच सोनोग्राफी होतात, डॉक्टर भेटतच नाहीत, हे खरं का?

मी ठाण्याची, नौपाड्यातली. माझी दोन्ही बाळंतपणं इंग्लंडमध्ये, लेस्टरला झाली.

आधी तारखा बघा. लांब मुदतीच्या व्हिसासाठी भारतात टीबीची तपासणी करावी लागते. गरोदर बाईला पोट झाकून छातीचा एक्सरे किंवा थुंकीची तपासणी, यातलं एक निवडता येतं. थुंकीच्या कल्चरचा निकाल यायला आठेक आठवडे लागतात, म्हणजे तुमचा अठ्ठाविसावा उजाडेल. त्यानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्याच्या पुढे बसू देत नाहीत. त्यामुळे एक्सरेबद्दल याच भेटीत तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

डिपेंडंट व्हिसाबरोबर दरवर्षाचे १,०३५ पौंड आरोग्य अधिभार म्हणून आगाऊ भरावे लागतात. ते भरले की तपासण्या, एपिड्युरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन), सीझर, कशाचंच वेगळं बिल येत नाही. व्हिजिटर व्हिसावर येऊन मात्र बाळंतपण करू नका, सरकारी दवाखान्यातही दीडपट दराने बिल लावतात.

सोनोग्राफीचं ऐकलंत ते खरं आहे. सगळं ठीक असेल तर एक तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि एक विसाव्या आठवड्याच्या आसपास. दुसरी तुम्ही नेरुळलाच करून रिपोर्ट घेऊन या. पुढे मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, दर भेटीत टेपने पोट मोजते आणि आलेखावर टिंब मांडते. वाढ मागे पडतेय असं वाटलं तर लगेच स्कॅनला पाठवते. शुगरची तपासणी इथे सरसकट होत नाही, पण आपण दक्षिण आशियाई असल्याने आपल्याला २४ ते २८ आठवड्यांत ती देऊ करतात. नाही सांगितली तर मागून घ्या. डॉक्टर भेटतात ते काही गुंतागुंत असली तरच, आणि मिडवाइफही दर वेळी तीच असेल असं नाही. 'माझ्या डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे' हा आधार इथे नसतो. तुमचं तुम्हाला बोलावं लागतं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच सांगायचंय.

मोठीच्या वेळी दिवस भरत आले तसे बाळ लहान दिसतंय म्हणून औषधाने कळा सुरू करू या, असं डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं: याने काय साधेल, धोका काय, दुसरा मार्ग कोणता आणि आणखी काही दिवस थांबलं तर काय होईल? बाई स्टूल ओढून बसल्या, आलेख माझ्यापुढे धरला, टिंबं कुठे सपाट झालीत ते दाखवलं आणि थांबण्यातली जोखीम आकड्यांत सांगितली. ऐकून मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यावर उपकार केले नाहीत. २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यानंतर, त्या गरोदर बाईला महत्त्वाचा वाटेल असा प्रत्येक धोका आणि पर्याय सांगणं हे इथल्या डॉक्टरांचं कायदेशीर कर्तव्य आहे. हेच चार प्रश्न नेरुळलाही विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्याकडच्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरने झाली होती, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. एवढ्या फरकामागे निव्वळ वैद्यकीय गरज असेल, असं मला वाटत नाही. सीझर वाईट नाही, इथेही पुष्कळ होतात, पण ते का, हे आधी कळायला हवं.

इथे जागाही निवडता येते: घर, मिडवाइफचं केंद्र किंवा डॉक्टर असलेला प्रसूती विभाग. इंग्लंडमधल्या २०११ च्या मोठ्या पाहणीनुसार गुंतागुंत नसलेल्या पहिलटकरणींनी घरी बाळंत व्हायचं ठरवलं तर बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३ होतं, प्रसूती विभागात ५.३. मिडवाइफच्या केंद्रात असा फरक दिसला नाही. एपिड्युरल हवं असेल तर प्रसूती विभागच घ्यावा लागतो. पहिल्या खेपेला मी दवाखान्याला चिकटलेलं केंद्र सुचवेन.

खरी अडचण येते ती नंतर. अनेकींना दुसऱ्याच दिवशी घरी सोडतात. मिडवाइफ घरी येऊन टाके बघते, बाळाचं वजन करते, पण मालिशवाली बाई नाही, शेकशेगडी नाही, रात्री बाळ घ्यायला कोणी नाही. आईला व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, तिच्या अर्जाची तयारी आताच सुरू करा. येताना डिंक, आळीव, मेथी आणू द्या, तूप मात्र इथे घ्या, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. आणि बाळाला मध चाटवू देऊ नका, वर्षाच्या आतल्या मुलाला त्यातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

माझं मत विचारलंत तर अठ्ठाविसाव्याच्या आत निघता येत असेल आणि आई येणार असेल, तर या. कळांमध्ये नवरा हात धरून शेजारी असणं मी मोलाचं मानते. बीपी किंवा शुगरचा त्रास सुरू झाला असेल, किंवा व्हिसा लांबला, तर नेरुळलाच थांबा. ऐन दिवसांत दवाखाना बदलू नका.

इथे झालं तर जन्मनोंदणी ४२ दिवसांत करा. तुम्ही दोघं व्हिसावर असल्याने बाळ ब्रिटिश नागरिक ठरणार नाही. भारतीय उच्चायुक्तालयात वर्षाच्या आत नोंद करून त्याचा पासपोर्ट काढा. भारतात जाऊन परत यायचं असेल तर त्याला व्हिसाही लागेल, म्हणून बारशाची तिकिटं त्याआधी काढू नका.