घरी रसायनशास्त्र शिकायचं आहे. साधे प्रयोग आणि रेणूंची मॉडेल्स दोन्ही करायची आहेत. सुरुवात कुठून करावी? किट विकत घ्यावं लागेल का?

किट लागत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा मात्र घ्या, खर्च करायचाच असेल तर त्यावर करा. दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोग एका महिन्यात आणि मॉडेल्स दुसऱ्या महिन्यात असं करू नका. एकच अभिक्रिया निवडा, ती भांड्यात घडवा, मोजा आणि त्याच दिवशी तिचे रेणू हाताने बनवा. फेस सगळेच काढतात. तो किती निघायला हवा होता आणि का, हे कळलं की रसायनशास्त्र सुरू होतं.

पहिली अभिक्रिया खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचीच घ्या. पोरकट वाटते, पण तिच्यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

५ टक्क्यांचं १०० ग्रॅम व्हिनेगर घ्या. त्यात ५ ग्रॅम अॅसेटिक आम्ल असतं. या आम्लाचं रेणुवस्तुमान ६०, सोड्याचं ८४, आणि एका रेणूला एक रेणू असा हिशेब. म्हणून ५ ग्रॅम आम्लाला बरोबर ७ ग्रॅम सोडा लागतो आणि ३.७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघायला हवा. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर सोडा ५.६ ग्रॅम घ्या. लेबल न वाचता केलेला हिशेब इथेच चुकतो.

साधारण एक लिटरचं उंच भांडं घ्या. व्हिनेगर भरलेलं भांडं आणि सोड्याची वाटी दोन्ही एकदम काट्यावर ठेवून एकूण वजन लिहा. मग सोडा चार-पाच वेळा थोडा थोडा टाका. एकदम टाकला तर फेसाबरोबर बारीक थेंब उडतात आणि वजन वाजवीपेक्षा जास्त घटलेलं दिसतं. फेस बसला की भांडं हलकेच फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि रिकामी वाटी परत काट्यावर ठेवून वजन घ्या. ही वाटी ठेवायला विसरणं ही नेहमीची चूक आहे. मिश्रण हाताला गार लागेल, कारण ही अभिक्रिया उष्णता शोषते.

बहुतेक वेळा घट ३.७ ऐवजी ३ ग्रॅमच्या आसपास दिसते. काटा खराब नसतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो भांड्यात साचून राहतो, आणि दर लिटरमागे तेवढ्याच हवेपेक्षा सुमारे ०.६ ग्रॅम जास्त भरतो. भांड्याच्या तोंडाशी जाड कागदाने दोन मिनिटं वारा घाला आणि परत मोजा. आकडा ३.५ च्या जवळ जाईल. उरलेल्या फरकातला बराचसा भाग पाण्यात विरघळून राहिलेल्या वायूचा असतो.

‘वस्तुमान बदलत नाही’ हे दाखवायला बाटलीच्या तोंडावर फुगा लावून वजन करण्याचा प्रयोग खूप ठिकाणी सुचवलेला असतो. त्यात एक खोच आहे. फुगा दोन लिटर फुगला तर तो दोन लिटर हवा बाजूला सारतो, आणि तिचं वजन जवळजवळ २.४ ग्रॅम असतं. तेवढं प्लावक बल, म्हणजे हवेने वर ढकलणारा जोर, काट्यावरून वजा होतं, म्हणून काहीही बाहेर न जाता वजन घटलेलं दिसतं. सोडा १ ग्रॅमच घ्या, म्हणजे वायू पाव लिटरच्या थोडाच वर निघेल आणि ही चूक ०.३ ग्रॅमच्या आसपास राहील. फुग्याऐवजी घट्ट झाकण कधीही लावू नका. दाबाने बाटली फुटते, काचेची तर अजिबात नको.

आता मॉडेल. तेलकट, न वाळणारी क्ले आणि टूथपिक पुरतात. पाण्याची क्ले वाळून तडकते आणि भोकं सैल होतात. रूढ रंग पाळा: कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, हायड्रोजन पांढरा, सोडियम जांभळा. कार्बन आणि ऑक्सिजनचे गोळे २ सेंमीचे, हायड्रोजनचे त्याहून लहान.

आधी एकटा मिथेन (एक कार्बन, चार हायड्रोजन) करून हात बसवा. काळ्या गोळ्यात तीन काड्या तिपाईसारख्या खाली टेकवा आणि चौथी सरळ वर उभी करा. कोणत्याही तीन काड्यांवर उभं केलं तरी मॉडेल सारखंच दिसलं तर प्रत्येक कोन १०९.५ अंशांच्या जवळ आहे. चार काड्या टेबलावर फुलीसारख्या सपाट मांडण्याचा मोह होतो. १८६५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमनने व्याख्यानात दाखवलेलं मिथेनचं मॉडेलही सपाटच होतं. चतुष्फलकाची (चार दिशांना सारख्या पसरलेल्या बंधांची) कल्पना १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे मांडली.

मग अभिक्रियेचे गोळे मोजून घ्या: ३ काळे, ५ लाल, ५ पांढरे, १ जांभळा. यातून अॅसेटिक आम्लाचा एक रेणू (CH₃COOH), सोड्यातला एक बायकार्बोनेट आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण (HCO₃⁻), आणि शेजारी सोडियम तयार होतो. सोडियमला काडी लावू नका. तो आयन आहे, पाण्यात सुटा फिरतो. कार्बन आणि ऑक्सिजनमधल्या दुहेरी बंधासाठी दोन वाकवलेल्या तारा वापरा.

पुढचं हातानेच करून बघा. आम्लात चार पांढरे गोळे आहेत, पण सुटतो एकच, ऑक्सिजनला चिकटलेला. कार्बनवरचे तिघे जागचे हलत नाहीत. सुटलेला गोळा बायकार्बोनेटच्या मोकळ्या ऑक्सिजनवर बसवा, की कार्बोनिक आम्ल झालं. आता त्यातल्या एका हायड्रोजनला, दुसरा हायड्रोजन ज्यावर आहे त्या ऑक्सिजनवर हलवा (खऱ्या द्रावणात आसपासचे पाण्याचे रेणू या कामाला मदत करतात). पाण्याचा रेणू सुटून येतो. मागे उरतो दोन लाल गोळ्यांमधला काळा. त्यांच्यातला कोन आधी १२० अंशांच्या जवळ होता, आता तो १८० करावा लागतो. फेसातला वायू तो हाच. टेबलावर एकही गोळा उरला नाही आणि कमी पडला नाही, तर समीकरण संतुलित आहे.

सोडा खरंच पुरेसा पडला का हे पाहायला जांभळ्या कोबीचा दर्शक, म्हणजे आम्ल की अल्कली हे रंगाने दाखवणारा रस, वापरा. १०० ग्रॅम बारीक चिरलेला कोबी २५० मिली गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. आम्लात तो लाल-गुलाबी, उदासीन द्रावणात जांभळा, सोड्यात निळा आणि त्याहून तीव्र अल्कलीत हिरवा होतो. नळाचं पाणी कठीण असेल तर रस सुरुवातीपासूनच निळसर येतो, म्हणून शुद्ध पाणी घ्या. ७ ग्रॅम सोडा टाकूनही रंग निळ्याकडे झुकत नसेल तर घाई करू नका. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवतो. द्रावण कोमट करून ढवळा, वायू निघून गेला की रंग सरकतो. हा रस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

यानंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि यीस्ट घ्या. ५० मिलीमधून साधारण अर्धा लिटर ऑक्सिजन निघतो आणि या वेळी मिश्रण कोमट होतं. मॉडेल एकाच रेणूचं केलंत तर पाणी बनवून एक लाल गोळा एकटाच उरेल. समीकरणातला ‘२’ (2H₂O₂ → 2H₂O + O₂) कुठून येतो ते तिथे दिसतं. विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून पाण्याचे घटक वेगळे करणं, करायचं असेल तर पाण्यात मीठ टाकू नका, क्लोरीन तयार होतो. धुण्याचा सोडा वापरा.

चष्मा सगळ्याच प्रयोगांना लावा. आणि ब्लीच प्रयोगाच्या टेबलावर आणूच नका. व्हिनेगरबरोबर त्यातून क्लोरीन निघतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन, आणि दोन्ही विषारी आहेत. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एकत्र करू नका. त्यातून परअॅसेटिक आम्ल तयार होतं, ते डोळे आणि घसा जाळतं.