भंतेजींचा तो व्हिडिओ

"मॅडम, आता पंचशील घ्यायचं तरी कुणाकडून?"

नागपूरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताई माझ्यासमोर खुर्चीत बसल्या आणि एवढंच बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांच्या विहारातल्या भंतेजींनी फेसबुक लाइव्हवर दुसऱ्या एका भिक्खूंना शिव्या दिल्या होत्या. ताई रात्री दोनला उठून तो व्हिडिओ पुन्हा बघायच्या, खालच्या कमेंट वाचायच्या. याच भंतेजींनी त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत रोज घरी येऊन परित्राणपाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हटली जाणारी बुद्धवचनं, म्हटला होता. "त्यातले खरे कोणते?"

हा प्रश्न घेऊन हल्ली बरेच जण येतात. 'एवढं काय मनावर घेता' असं त्यांना कुणी म्हणू नये. ज्यांच्या शब्दांच्या आधारानं आपण दुःख सोसलं, त्यांच्या तोंडून असं ऐकणं हा घावच असतो. पहिल्या दिवशी मी त्यांना फक्त रडू दिलं.

पुढच्या भेटीत अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातलं एक वचन निघालं: माणसाचं शील सोबत राहून कळतं, तेही दीर्घ काळानं आणि लक्ष देऊन पाहिलं तर. अकरा मिनिटांच्या व्हिडिओतून ते कळत नाही. रोजच्या गोड सुविचारांतूनही नाही. पण म्हणून मी भंतेजींची बाजू घेतली नाही. खोटं, चहाडी, कठोर आणि वायफळ बोलणं टाळणं म्हणजे सम्यक वाणी. शिकवणाऱ्यानं तर ती आधी पाळावी.

यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मीपण दुसऱ्या नावानं कमेंट टाकली. त्या दुसऱ्या भिक्खूंच्या एका उपासकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, नको ते बोलले." झोप उडाली होती ती बरीचशी यामुळे. त्या दिवशी भंतेजींचा विषय आम्ही पुन्हा काढलाच नाही.

"उपासिकेनं भंतेंना त्यांची चूक कशी सांगायची?" हा त्यांचा शेवटचा अडसर. पण धम्मात याला जागा आहे, मी म्हटलं. वर्षावास (पावसाळ्यात भिक्खूंचा एका जागी मुक्काम) संपताना पवारणा या विधीत भिक्खू संघाला विनवतो की माझा पाहिलेला, ऐकलेला वा शंका आलेला दोष करुणेनं दाखवा. मज्झिम निकायातल्या वीमंसक सुत्तात तर बुद्ध स्वतःलाही पारखून घ्यायला सांगतात. बुद्धांच्याच काळात कोसंबी नगरातले भिक्खू आपसात भांडत राहिले तेव्हा तिथल्या उपासकांनी त्यांना भिक्षा देणं थांबवलं होतं. (शोषण, धमकी किंवा पैशांची फसवणूक असेल तर मात्र एकट्यानं समजवायला जाऊ नका, घरच्यांना आणि पोलिसांना सांगा.)

ताईंनी आपली कमेंट काढून टाकली, त्या उपासकाची माफी मागितली. रविवारी वंदना झाल्यावर वहिनीला सोबत घेऊन भंतेजींना भेटल्या. "भंते, तो व्हिडिओ पाहून मला फार त्रास झाला. बाबांसाठी पाठ म्हणणारा तुमचा आवाज मला परत ऐकायचाय." भंतेजी मान खाली घालून बसले, काही बोलले नाहीत.

व्हिडिओ अजून तसाच आहे. ताई विहारात जातात, सगळ्यांबरोबर पंचशील म्हणतात. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवतात.