तळीला पाचवा माणूस

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘अंगात येण्यामागचं सत्य’ हे शीर्षक आधी खोड. सत्य तुला घरबसल्याच ठाऊक असेल तर गावोगाव हिंडायचं कशाला? एसटीचे पैसे तरी वाचव.

तुझ्या वयाची असताना मीही हेच केलं. एका गावी चंपाषष्ठीला खंडोबाची तळी बघायला गेले होते. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, सगळं मांडलेलं. घरातल्या आजींना विचारलं, ‘तळी का उचलता?’ म्हणाल्या, ‘देवाचं आहे, म्हणून.’ मी वहीत लिहिलं, ‘माहिती नाही.’ मग शेजारच्या मुलाने खंडोबाने मारलेल्या मणी-मल्ल दैत्यांची कथा झकास सांगितली, माझी चार पानं भरली. ती त्याने जत्रेत घेतलेल्या पुस्तिकेत वाचली होती, हे पुढे कळलं. इकडे आजींनी तळी अडवून धरलेली, कारण माणसं चारच. नातवाला पिटाळून त्यांनी पाचवा आणवला, त्याला पाय धुवायला लावले, टोपी नव्हती तर डोक्यावर पंचा टाकला. तेव्हा कुठे ‘सदानंदाचा येळकोट’ झाला. जिला काही माहिती नाही असं मी लिहिलं, तीच बाई सगळा विधी चालवत होती. वहीत त्याची एक ओळ नाही. हे आठवणीतून लिहितेय.

तेव्हा ‘का’ जरा उशिरा विचार. आधी कोण कुठे उभं राहतं, कशाला कोण हात लावतं आणि काय चुकलं की सगळे थांबतात, ते बघ.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डचं १९३७ सालचं, आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवरचं पुस्तक जाडजूड आहे, पण त्यातला धान्याच्या कोठाराचा भाग चुकवू नकोस. कोठारं खांबांवर उभी, दुपारी लोक खाली सावलीला बसतात. एखादं कोसळतं, माणसं जखमी होतात. खांब वाळवीने खाल्ले हे अझांद्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना पडतो तो प्रश्न पुढचा: नेमकी हीच माणसं खाली असताना ते का कोसळलं? त्याचं उत्तर चेटूक. आपल्याकडेही मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणारी आई त्याच संध्याकाळी मुलाला डॉक्टरकडे नेतेच की! तिला अडाणी ठरवलंस तर तुझा अभ्यास तिथेच संपला.

आणि चाल भरपूर. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासची देवींची ठाणी पायी हिंडून पाहिली, म्हणून जुन्या वाटांशी असलेलं या ठाण्यांचं नातं त्यांना दिसलं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक सोंथायमर तर जर्मनीहून येऊन धनगरांमध्ये हिंडले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. तुला निदान मराठी तरी शिकावी लागणार नाही.

एक मात्र बजावते. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला दोरीने बांधून मारत असतील तर वही मिटून पोलिसांना फोन करायचा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिली बाब तीच आहे. ‘मी निरीक्षक होतो’ असलं काही नंतर मला सांगू नकोस.

चंपाषष्ठीला घरीच ये. चातुर्मासात बंद असलेली वांगी त्या दिवशी आमच्या ताटात परत येतात, भरीत-रोडगा खाऊन जा. वही नको, टोपी आण. यंदा आमच्याकडे चारच जण आहेत.

तुझी,
बाई